न दिसणाऱ्या धुराचा जमाखर्च

मुंबई बंदराच्या पलीकडील तीरावर, रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात, बोकडवीरा गावाच्या शिवारात महानिर्मिती कंपनीचे जे वायुविद्युत केंद्र उभे आहे, ते चालू आहे की बंद आहे याचा उलगडा रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसाला नुसत्या दर्शनाने सहसा होत नाही. चंद्रपूर, कोराडी किंवा परळी येथील औष्णिक केंद्रांची चाहूल त्यांच्या धुरावरून, कोळशाच्या वाघिणींवरून आणि दूरवर पसरलेल्या राखेच्या बंधाऱ्यांवरून आधीच लागते. उरणास यांपैकी एकही खूण नाही. इंधन येते ते जमिनीखालच्या नळातून, जळते ते बंद पात्रात, आणि बाहेर पडते ते डोळ्यांस न दिसणारे उष्ण वायूंचे लोट. या निष्कलंक दर्शनामुळेच नैसर्गिक वायूला ‘स्वच्छ इंधन’ ही पदवी सरकारी अहवालांतून आणि कंपन्यांच्या जाहिरातींतून सर्रास बहाल केली जाते. ही पदवी सर्वस्वी खोटी आहे असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही; परंतु चिमणीच्या तोंडाशी मोजलेला धूर हे या व्यवहाराच्या खतावणीतले केवळ एक पान आहे, आणि उरलेली पाने तपासल्यावाचून बाकी काढणे कोणत्याही जबाबदार कारकुनास शोभणार नाही.

प्रथम जमेची बाजू पाहू, कारण ती खरोखरच भरभक्कम आहे. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर अरबी समुद्राच्या तळाखाली १९७४ साली ‘सागर सम्राट’ या वेधन नौकेने तेलाचा साठा शोधून काढला आणि १९७६ साली ‘बॉम्बे हाय’ या नावाने प्रसिद्धी पावलेल्या त्या क्षेत्रातून उत्पादन सुरू झाले. तेलासोबत वायूही वर येतो. तो तेलात विरघळलेला असतो आणि वरचा दाब उतरताच त्यातून सुटा होतो. तेल साठवता येते, जहाजात भरता येते. वायूला मात्र नळ पाहिजे आणि नळाच्या दुसऱ्या टोकाला गिऱ्हाईक पाहिजे. ही दोन्ही जोवर पुरती सिद्ध नव्हती, तोवर त्या वायूचा मोठा हिस्सा समुद्रावरच्या फलाटांवर मशाली पेटवून जाळून टाकण्यात येई. रात्रीच्या वेळी क्षितिजावर पेटलेल्या त्या ज्वाळांचे वर्णन त्या काळच्या लोकांनी मोठ्या कौतुकाने केले आहे. वस्तुतः तो राष्ट्रीय संपत्तीचा होम होता आणि त्यातून यजमानास पुण्य कोणतेच लाभत नव्हते. समुद्राखालून उरणपर्यंत नळ आल्यावर, १९८२ साली तत्कालीन महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने तेथे प्रत्येकी ६० मेगावॅटचे चार वायुसंच सुरू केले आणि १९८५-८६ च्या सुमारास प्रत्येकी १०८ मेगावॅटचे आणखी चार जोडले. जो वायू नाही तरी जळणारच होता, त्यापासून विजेचे दिवे लागले. या विजेचा पर्यावरणावर पडलेला जादा भार जवळजवळ शून्य होता, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. वायुकेंद्राची बरीवाईट किंमत वायू कोठला आणि एरवी त्याचे काय झाले असते या प्रश्नावर किती अवलंबून असते, त्याचा याहून चांगला दाखला आपल्याकडे नाही.

आता यंत्राकडे वळू. वायुयंत्राची मूळ कल्पना सोपी आहे: हवा आत ओढावी, ती दाबावी, दाबलेल्या हवेत वायू जाळावा, आणि प्रसरण पावणाऱ्या त्या तप्त वायूंना पंख्याच्या पात्यांमधून वाट द्यावी. पाती फिरतात, त्यांबरोबर जनित्र फिरते, आणि त्याच आसावर बसवलेला हवेचा दाबकही फिरतो. खरी मेख या शेवटच्या गोष्टीत आहे. हवा दाबण्याचे काम अत्यंत खर्चिक असल्यामुळे यंत्राने मिळवलेल्या शक्तीचा मोठा वाटा यंत्र स्वतःच गिळून टाकते. सार्वजनिक वीजपुरवठ्यासाठी उभारलेले जगातील पहिले वायुयंत्र स्वित्झर्लंडमधील नॉयशातेल या गावी १९३९ साली ब्राउन बोव्हेरी या कंपनीने बसवले. त्याच्या चक्रावर सुमारे १५ मेगावॅट शक्ती उत्पन्न होई, आणि तीतील ११ मेगावॅटहून अधिक दाबकाच्या स्वाधीन केल्यावर गावाच्या वाट्याला जेमतेम ४ मेगावॅट वीज येई. इंधनातील उष्णतेपैकी साडेसतरा टक्क्यांच्या आसपास उष्णतेचीच वीज होत असे. तरीही ते यंत्र साठ वर्षांहून अधिक काळ कामास आले, कारण ते निकडीच्या वेळी झटपट सुरू होई. हा गुण पुढे आपल्या विवेचनात महत्त्वाचा ठरणार आहे.

त्यानंतर धातुविद्येने मोठी मजल मारली. पात्यांच्या आतून शीतल हवा खेळवण्याची आणि त्यांवर मृत्तिकेसारख्या उष्णतारोधक द्रव्यांचे लेप देण्याची युक्ती साधल्यामुळे हजार-बाराशे अंश सेल्सियसहून अधिक तापमानाचे वायू आता या यंत्रांत खेळवता येतात. तथापि चक्रातून बाहेर पडणारे वायूही त्या मानाने तप्तच राहतात. पाचशे-सहाशे अंशांची ती उष्णता आकाशात सोडून देणे हा निव्वळ अपव्यय होय. उरण येथे हा अपव्यय सुमारे एक तप चालू होता. १९९४ साली तेथे त्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर पाण्याची वाफ करणारे प्रत्येकी १२० मेगावॅटचे दोन बाष्पसंच जोडण्यात आले, आणि ४३२ मेगावॅट वायुसंचांच्या जोडीस २४० मेगावॅट अशी वीज मिळू लागली की जिच्यासाठी वायूचा एकही जादा घनमीटर जाळावा लागत नाही. वायुचक्र आणि बाष्पचक्र यांच्या या जोडणीस संयुक्त चक्र म्हणतात. चांगल्या संयुक्त चक्रात इंधनातील निम्म्या उष्णतेची वीज होते, आणि अगदी अलीकडच्या यंत्रांनी तर ६० टक्क्यांची सीमाही ओलांडली आहे. आपल्या देशातील कोळशाची केंद्रे सरासरीने ३५ टक्क्यांच्या अलीकडे-पलीकडे रेंगाळतात.

या दोन आकड्यांवरून कर्बाचा हिशेब कसा निघतो तो पाहणे उद्बोधक आहे. नैसर्गिक वायू म्हणजे प्रायः मिथेन. त्याच्या एका रेणूत कार्बनचा एक अणू आणि हायड्रोजनचे चार. म्हणजे ज्वलनातून मिळणाऱ्या उष्णतेचा बराच भाग हायड्रोजनच्या जळण्याने मिळतो, आणि त्यातून निपजते ते केवळ पाणी. कोळशात बहुतांश कार्बनच. त्यामुळे समान उष्णतेसाठी वायू जो कार्बन डाय-ऑक्साइड सोडतो, तो कोळशाच्या तुलनेने सुमारे साठ टक्केच भरतो. त्यावर यंत्राच्या वरचढ कार्यक्षमतेचा लाभ चढवला, की कोळशाच्या एका युनिटमागे जेथे ९५० ग्रॅमच्या आसपास कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो, तेथे संयुक्त चक्राच्या युनिटमागे तो ४०० ग्रॅमच्या आसपास येऊन ठेपतो. शिवाय भारतीय कोळशात शेकडा ३५ ते ४० भाग राख असते, तिचा येथे मागमूस नाही, गंधक आधीच काढून टाकलेले असल्याने गंधकाम्लाची भीती नाही, पारा नाही. कोळशाच्या केंद्राच्या वाऱ्याखाली राहणाऱ्या वस्तीतील अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर काय बसते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या लाभाचे मोल शब्दांनी सांगण्याची गरज नाही.

वायूच्या धुरात एक दोष मात्र निश्चितपणे असतो, आणि तो इंधनाचा नसून ज्वाळेचा आहे. आपण श्वासावाटे घेतो त्या हवेत चार-पंचमांश नायट्रोजन आहे. एरवी तो स्थितप्रज्ञ. पण ज्योतीचे तापमान दीड हजार अंशांपलीकडे गेले की त्याची प्राणवायूशी संगत जमते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. त्यांपासून सूर्यप्रकाशात जमिनीलगतचा ओझोन आणि फुप्फुसांत शिरणारे सूक्ष्म नायट्रेट कण उत्पन्न होतात. यावर जुना उपाय म्हणजे ज्योतीत वाफ किंवा पाणी सोडून तिचा ताप उतरवणे. नवा उपाय म्हणजे वायू आणि हवा आधीच एकजीव करून विरळ मिश्रण जाळणे. केंद्र शासनाच्या मानकांनुसार ४०० मेगावॅट व त्याहून मोठ्या केंद्रांना नैसर्गिक वायूवर चालताना ही ऑक्साइडे धुराच्या दर दशलक्ष भागांत ५० भागांच्या आत राखावी लागतात. चांगल्या ज्वालकांना हे अवघड नाही. मात्र विरळ मिश्रणाची ज्योत यंत्र पूर्ण भाराजवळ चालत असतानाच नीट स्थिर राहते; भार निम्म्याखाली उतरला की ज्वालनाची पद्धत बदलावी लागते, आणि मग हीच ऑक्साइडे व अर्धवट जळलेला कार्बन मोनॉक्साइड दोन्ही वाढतात.

येथवर चिमणीचे पान झाले. खतावणीतले सर्वांत महत्त्वाचे, आणि सर्वांत कमी वाचले जाणारे पान यापुढे आहे: न जळता निसटलेल्या मिथेनचे.

मिथेन स्वतः कार्बन डाय-ऑक्साइडपेक्षा कितीतरी प्रखर उष्णताग्राही वायू आहे. त्याचे आयुष्य मात्र अल्प; वातावरणात दहा-बारा वर्षांत तो बहुतांशी नष्ट होतो. म्हणून त्याच्या प्रभावाची तुलना किती मुदतीवर करावी याबद्दल शास्त्रज्ञ दोन माने वापरतात. शंभर वर्षांच्या मुदतीने मोजल्यास तो वजनास वजन सुमारे २८ ते ३० पट प्रभावी ठरतो, आणि वीस वर्षांच्या मुदतीने मोजल्यास सुमारे ८० पट. आता वाचकाने कागद-पेन्सिल घेऊन एक लहानसा हिशेब स्वतः करून पाहावा. ४०० ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड निर्माण होण्यासाठी सुमारे १४५ ग्रॅम मिथेन जळावा लागतो. विहिरीपासून ज्वालकापर्यंतच्या प्रवासात याच्या एक टक्का, म्हणजे दीड ग्रॅमहूनही किंचित कमी मिथेन, गळून गेला तर वीस वर्षांच्या मानाने तो ११५ ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइडइतका भार टाकतो. कोळसा आणि वायू यांमधील अंतर ५५० ग्रॅमचे. गळती पाच टक्क्यांच्या जवळ पोहोचली की वायूची सारी आघाडी पुसली जाते, आणि आपण राखेच्या कटकटीतून सुटून तापमानवाढीच्या बाबतीत होतो तेथेच राहतो. कोळशाच्या खाणींतूनही मिथेन निसटतो हे खरे असल्याने कोळशाच्या नावे थोडी रक्कम आणखी मांडली पाहिजे. पण मूळ मुद्दा त्याने बदलत नाही. गळती कोठे होते? विहिरीच्या तोंडाशी, दाबकांच्या सीलांत, झडपांत, नळाच्या जोडांत, दुरुस्तीपूर्वी नळ रिकामा करताना, आणि समुद्रावरची मशाल वाऱ्याने विझून वायू तसाच निघून जातो तेव्हा. यांपैकी एकही ठिकाण विद्युत केंद्राच्या कुंपणाच्या आत नाही, आणि केंद्राच्या पर्यावरण अहवालात ज्याचा तपशील मागितला जातो ते सारे कुंपणाच्या आतले असते. मिथेनला रंग नाही, आणि वासही नाही; घरगुती वायूला जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या गंधद्रव्याचा.

हा विषय रत्नागिरी जिल्ह्याकडे नेल्यास अधिक स्पष्ट होतो. गुहागर तालुक्यात, वाशिष्ठीच्या मुखाशी, अंजनवेलच्या गोपाळगडाजवळ जो प्रकल्प उभा राहिला, तो कागदोपत्री दाभोळचा आणि लोकांच्या तोंडी एन्रॉनचा. १९९२ च्या जूनमध्ये झालेला सामंजस्य करार, १९९३ अखेरचा वीजखरेदी करार, १९९५ च्या ऑगस्टमध्ये युती शासनाने केलेली रद्दबातल घोषणा, फेरवाटाघाटी, २००१ साली विद्युत मंडळाने थांबवलेली खरेदी आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मूळ अमेरिकन कंपनीचे निघालेले दिवाळे, हा सारा इतिहास महाराष्ट्रास मुखोद्गत आहे. त्या करारातील दरांचा वाद येथे उकरण्याचे प्रयोजन नाही. आपल्या विषयाशी निगडित अशी गोष्ट वेगळीच आहे आणि तिच्याकडे त्या गदारोळात फारसे लक्ष गेले नाही: ज्या प्रकल्पाचे समर्थन नैसर्गिक वायूच्या नावाने झाले, त्याचा पहिला टप्पा १९९९ च्या मे महिन्यात सुरू झाला तो नाफ्थावर. खनिज तेलापासून निघणाऱ्या या द्रवाचा धूर वायूच्या धुराइतका सौम्य नसतो. केंद्र कोणते इंधन जाळू शकते याहून ते प्रत्यक्षात कोणते जाळते हा प्रश्न नेहमीच अधिक मोलाचा, आणि तो विचारण्याची वेळ मंजुरीच्या दिवशी संपत नाही.

२००५ साली हा प्रकल्प रत्नागिरी गॅस अँड पॉवर या सरकारी सहभागाच्या कंपनीकडे आला. त्याची क्षमता १,९६७ मेगावॅट. त्याच्या लगतच द्रवरूप वायू उतरवून घेण्याचे टर्मिनल आहे, त्याची योजना वर्षाला ५० लाख टनांची, आणि ते २०१३ साली कार्यान्वित झाले. परंतु लाटा अडवणारा बांध अपुरा राहिल्यामुळे पावसाळ्याचे चार महिने तेथे जहाज लागू शकत नसे, आणि ही स्थिती कित्येक वर्षे टिकली. कोकणच्या किनाऱ्यावर नांगर टाकणाऱ्या कोणत्याही जुन्या तांडेलाने ही अडचण फुकटात सांगितली असती.

द्रवरूप वायूची कथा स्वतंत्र आहे. मिथेन उणे १६२ अंश सेल्सियसपर्यंत गारठवला की द्रव होतो आणि मूळच्या सहाशेव्या भागाइतक्या जागेत मावतो. म्हणूनच तो जहाजातून देशोदेशी नेता येतो. पण या गारठवण्यापायी वायूचा जवळजवळ दहावा हिस्सा तेथेच खर्ची पडतो. पुढे जहाजाचा प्रवास, टाकीत बाष्प होऊन सुटणारा अंश आणि किनाऱ्यावर पुन्हा वायुरूपात आणण्याचा व्याप आहेच. तात्पर्य, नळाने उरणास आलेला वायू आणि परदेशातून बर्फाहून थंड होऊन आलेला वायू ज्वालकात एकसारखेच जळत असले, तरी पर्यावरणाच्या दप्तरात त्यांची नोंद एका दराने करणे चूक आहे.

दाभोळच्या किनाऱ्यावरील कोळी, खारवी आणि भोई समाजांनी प्रकल्पास जो विरोध केला, त्यात त्यांची एक मुख्य भीती गरम पाण्याची होती. बाष्पचक्रातील वाफ पुन्हा पाणी करण्यासाठी थंडावा लागतो. समुद्राचे पाणी आत घेऊन थोडे तापवून परत सोडणे हा किनाऱ्यावरील केंद्रांचा रिवाज. नव्या केंद्रांसाठी नियम असा आहे, की सोडलेल्या पाण्यामुळे समुद्राचे तापमान मूळच्यापेक्षा सात अंशांहून अधिक वाढता कामा नये. सात अंश माणसाला क्षुल्लक वाटतात. परंतु उष्ण कटिबंधातील समुद्रजीव आधीच आपल्या सहनशक्तीच्या वरच्या पायरीवर जगत असतात. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि पाणी आत ओढणाऱ्या जाळ्यांपाशी मासळीची अंडी व पिले मोठ्या प्रमाणात नष्ट होतात. वायुकेंद्राच्या बाजूने न्यायाने सांगितले पाहिजे, की त्याची साधारण एक-तृतीयांश वीजच वाफेपासून येत असल्याने तेवढ्याच विजेसाठी ते कोळशाच्या केंद्राच्या मानाने पुष्कळ कमी पाणी तापवते. आणि हेही, की दाभोळच्या खाडीतील मासळीवर लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीच्या सांडपाण्याने जी आपत्ती आली, तिच्याविरुद्ध तेथील मच्छीमार वर्षानुवर्षे तक्रारी करीत आले आहेत. तिच्याकडे राज्याचे लक्ष एन्रॉनच्या शतांशानेही वेधले गेले नाही. गाजलेल्या शत्रूच्या आड न गाजलेला शत्रू सुखाने नांदतो.

आता या केंद्रांचा विनियोग कसा होतो ते पाहू, कारण परिणामाचा निम्मा निकाल तेथेच लागतो. उरणचे केंद्र पूर्ण क्षमतेने चालवायचे तर दररोज सुमारे ३५ लाख घनमीटर वायू हवा. तेवढा त्याला मिळत नाही. बॉम्बे हायचा वायू वाटून घेणारे दावेदार वाढत गेले. खत कारखान्यांस अग्रक्रम मिळाला, पुढे मोटारी आणि स्वयंपाकघरे आली, आणि हे अग्रक्रम गैर आहेत असे म्हणवत नाही. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायू २००९ साली येऊ लागला तेव्हा देशभर नवी केंद्रे उभारण्याची लाट उसळली. दोन-तीन वर्षांतच ते उत्पादन झपाट्याने ओसरले आणि दाभोळसह अनेक केंद्रे निष्क्रिय झाली. देशात सुमारे २५,००० मेगावॅटची वायुकेंद्रे बांधून झाली, आणि अलीकडच्या वर्षांत एकूण विजेत त्यांचा वाटा जेमतेम दोन टक्क्यांच्या घरात राहिला आहे. दाभोळने २०१५ पासून प्रामुख्याने रेल्वेला सुमारे ५०० मेगावॅट वीज पुरवून कसाबसा आपला संसार चालवला.

तथापि या पडून राहिलेल्या यंत्रांची गरज दुसऱ्याच बाजूने निर्माण होत आहे. दुपारी सौर विजेची रेलचेल असते. सूर्य मावळतो, घराघरांतले दिवे व पंखे चालू होतात, आणि तासाभरात हजारो मेगावॅटची तूट भरून काढावी लागते. कोळशाचा बॉयलर थंड असेल तर त्याला कित्येक तास लागतात. वायुसंच काही मिनिटांत भार उचलतो. २०२४ च्या मे-जूनमधील कडक उन्हाळ्यात केंद्र शासनाने विद्युत अधिनियमाच्या कलम ११ चा वापर करून वायुकेंद्रांना चालण्याचे फर्मान काढले, ते याच गुणावर विसंबून. परंतु येथेही फुकट काही मिळत नाही. संध्याकाळपुरता धावणारा वायुसंच बाष्पचक्र पुरते तापण्याआधीच काम उरकतो, म्हणून त्याची कार्यक्षमता उतरते. अंशभारावर ज्वलन बिघडते ते आपण पाहिलेच. आणि भर उन्हाळ्यात, विजेची मागणी शिगेला पोहोचते नेमक्या त्याच वेळी, तापलेली विरळ हवा आत घेतल्यामुळे यंत्राची शक्तीही घटते. असे असूनही वर्षातून मोजके तास चालणारा वायुसंच जर दिवसभराच्या सौर विजेस वाट मोकळी करून देत असेल, तर तो आपला धूर वसूल करतो, असे माझे मत आहे. हाच संच परदेशी द्रवरूप वायूवर अहोरात्र चालवून त्याला स्वच्छ विजेचे केंद्र म्हणवणे मला पटत नाही.

गळतीचे मोजमाप हे आता अशक्य काम राहिलेले नाही. अवरक्त किरणांचे कॅमेरे झडपेतून निसटणारा वायू पडद्यावर दाखवतात आणि उपग्रह मोठ्या गळतीचा ठावठिकाणा आकाशातून सांगतात. भारताने २०२१ च्या ग्लासगो परिषदेत मांडल्या गेलेल्या जागतिक मिथेन प्रतिज्ञेवर सही केली नाही, ती भातशेती आणि गुरेढोरे यांवर जगणाऱ्या लहान शेतकऱ्यांकडे पाहून. ते कारण समजण्याजोगे आहे. वायूच्या नळांना आणि टर्मिनलांना मात्र त्या कारणाचा आडोसा घेता येणार नाही. तेव्हा यापुढे आपल्या तालुक्यात अशा केंद्राची, नळाची वा टर्मिनलची पर्यावरणविषयक जनसुनावणी लागली, तर वाचकांनी तेथे जावे, चिमणीच्या आकड्यांसोबत वायू कोठून येणार आणि वाटेत किती गळणार याचे आकडे लेखी मागावेत, आणि ती मागणी सुनावणीच्या इतिवृत्तात नोंदवून घेतल्याशिवाय सभागृह सोडू नये.